‘सहकार्य नाही’ असा शेरा

मला ती सूज दिसली होती. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्या हाताखाली वीसेक वर्षं काढली त्या डॉक्टरांना नाही, आणि जिच्या डोळ्यात ती सूज होती त्या बाईला तर नाहीच. चित्र पडद्यावर आलं, मी पाहिलं, मला समजलं, आणि मी ते पुसून टाकलं. मग कागदावर एक शेरा लिहून जेवायला गेलो. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही होतं. सगळं चवीनं खाल्लं, दही बोटानं निपटलं. स्वतःची किळस यायला लागते ती इथपासूनच.

मी सोलापुरात डोळ्यांच्या एका दवाखान्यात स्कॅन काढतो. डॉक्टर नाही; गावाकडची माणसं म्हणतात, आणि मी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. माझं यंत्र डोळ्याच्या मागच्या पडद्याचं छेदचित्र काढतं. खारी बिस्किटाचे पदर दिसावेत तसे पडद्याचे थर एकावर एक दिसतात आणि मधोमध एक छोटी खळगी असते. आपण वाचतो, माणूस ओळखतो, सुईत दोरा ओवतो, ते सगळं त्या खळगीच्या जोरावर. रुग्णानं हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं आणि आत दिसणाऱ्या हिरव्या चांदणीकडं न हलता बघायचं. चित्र कसं आलं याचे यंत्र स्वतःच दहापैकी गुण देतं. तेव्हा दवाखान्यात डॉक्टरांचा एक अभ्यास चालला होता; सहाच्या खालचं चित्र त्यात चालत नसे. माझ्या हातून सातच्या खाली चित्र जात नाही, असं डॉक्टर चारचौघांत सांगायचे. मला ते आवडायचं.

अभ्यास मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेवरचा होता. नेहमी शस्त्रक्रियेनंतर महिनाभर डोळ्यात थेंब घालावे लागतात. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना ते जमत नाही. थेंब गालावर जातो, बाटली हरवते, घालणारं माणूस रानात गेलेलं असतं. म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळीच आत औषध सोडायचं आणि थेंब बंद करायचे, ते पुरतं का बघायचं. विचार चांगला होता, आजही मला तो चांगलाच वाटतो. प्रश्न एवढाच होता की थेंबांवाचून मागच्या पडद्याला सूज येते का. आणि ते कळणार होतं माझ्या चित्रांवरून.

आता त्या कागदाबद्दल सांगतो. चित्र मिळालं नाही तर कारण लिहायचा एक रकाना होता. कारणं तीन: यंत्रात बिघाड, डोळ्यात गढूळपणा, रुग्णाचे सहकार्य नाही. पहिलं लिहिलं तर कंपनीचा माणूस बोलवावा लागायचा आणि दोन दिवस काम बंद. दुसरं लिहिलं तर डॉक्टरांनी तो डोळा पुन्हा तपासायचा, म्हणजे त्यांची ओपीडी लांबायची आणि त्यांचं तोंड वाकडं व्हायचं. तिसरं लिहिलं तर कुणी काही विचारत नसे. रुग्ण अभ्यासातून बाद, फाईल बंद. बाद झालेल्याला पुढं अक्षरांचा तक्ता वाचायलाही बसवत नसत. मीच दारातून ‘झालं, जा’ म्हणायचो. आणि कमी गुणांची चित्रं यंत्रातून पुसायची पद्धत होती. त्याला आम्ही झाडलोट म्हणायचो. वर्षानुवर्षं मी तिसरंच कारण लिहीत आलो. या खोलीत ज्यानं काम केलंय त्याला हे ठाऊक असतं, फक्त बोलत कुणी नाही.

ती बाई पंढरपूरजवळच्या करकंबची होती. साठीच्या पुढची, रापलेली, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया होऊन दीड महिना झालेला. सून बाहेर बाकावर बसली होती. बाईनं हनुवटी ठेवली आणि तिच्या तोंडाला मशेरीचा वास आला. मी तोंड फिरवलं. त्या वर्षांत मला माणसांच्या हनुवट्यांची किळस यायची. लाळ, घाम, डोळ्यांतली पिवळी चिपडं, पट्टीवर राहिलेलं तेल. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसताना मी बोळा दोन बोटांच्या टोकांत धरायचो. सगळ्यांसमोर.

“आत हिरवी चांदणी दिसते ना मावशी, तिच्याकडं बघा.”

“कुटं?”

“समोर.”

“समोर कायबी न्हाय की.”

“आहे. नीट बघा. सगळ्यांना दिसते.”

“कडंला जरा हिरवं दिसतंया. बघाया गेलं की पळतंय.”

त्या वाक्यावर मी आता किती वेळा थांबतो. कडेला दिसतं, बघायला गेलं की पळतं. पडद्याचा मधला भाग कामातून गेला की माणसाला नेमकं असंच दिसतं. ती अडाणी बाई मला तिच्या शब्दांत तिचा आजार सांगत होती, आणि मी घड्याळाकडं बघत होतो.

तीन गुण, चार गुण, परत तीन. डोळा जागेवर ठरेना. सातव्या की आठव्या वेळी माझा तोल गेला आणि मी ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आलो.

“अगं ए मावशी, डोळा काय भिंगरीसारखा फिरवतीस? बाहेर माणसं बसलीत. एक जागा बघायला काय होतंय तुला?”

बाजूला आमच्या भवानी पेठेतल्याच एका विणकर घरातली सिस्टर होती, घरी तेलुगू बोलणारी, जिभेची धारदार. ती म्हणाली, “सर, मावशीला आत सीरियल लावून द्या. मग बघा कशी टक लावते.”

आम्ही हसलो. बाईपण हसली. पदरानं डोळा टिपला आणि म्हणाली, “चिडू नगा डाक्टर. बघते की. परत लावा.”

परत लावलं, आणि डोळा फिरता फिरता एका क्षणाला मधोमध आला. चित्राला चारच गुण होते, कडा धुरकट होत्या, पण मध्य स्पष्ट होता. खळगी नव्हतीच. तिच्या जागी उशी फुगावी तसा फुगवटा, आणि त्यात पाण्याचे काळे पोकळ फुगे, शेजारी शेजारी. असं चित्र मी पूर्वी पुष्कळ पाहिलं होतं. ओळखायला मला एक श्वासही लागला नाही.

“आलं का बरं?” ती म्हणाली.

“नाही आलं. तुम्ही नीट बघितलंच नाही.”

हे मी चित्र पाहिल्यावर म्हणालो. आधी म्हणालो असतो तर निदान अज्ञानात मोडलं असतं.

का म्हणालो? मोठं कारण शोधायला गेलो तर सापडत नाही. सूज कळवायची म्हणजे वेगळा चार पानी कागद भरायचा, वरच्या समितीला पाठवायचा, डॉक्टरांना ओपीडीतून उठवायचं. त्या आठवड्यात ते निष्कर्ष जुळवत होते आणि खुशीत होते. शिवाय मी तिच्यावर एवढा ओरडलो होतो. आता ‘मावशी, तुमची चूक नाही, डोळाच सुजलाय’ असं सिस्टरसमोर कोणत्या तोंडानं म्हणायचं? आणि भूक लागली होती. एवढंच होतं ते. एका बाईचा डोळा एवढ्याशावर गेला.

मी चित्रं पुसली. शेरा लिहिला. डॉक्टर दारात आले.

“करकंबच्या पेशंटचं काय झालं?”

“सहकार्य नाही, सर.”

“मग वगळा.” जाता जाता ते थांबले. “दिसतंय ना बाईंना बरं?”

“तक्रार तर काही केली नाही, सर.”

त्यांनी विचारलं होतं, हे लिहून ठेवलं पाहिजे. पुढं माझ्या मनात त्यांच्यावर पुष्कळ ढकलायचा प्रयत्न मी केला, पण त्यांनी विचारलं होतं. त्या वेळी सूज ताजी होती. थेंब सुरू केले असते तर बहुतेक उतरली असती. अशा सुजा उतरलेल्या मी पाहिल्या आहेत, त्याच यंत्रावर, पुढच्या भेटीच्या चित्रात. मी दार उघडून म्हणालो, “झालं मावशी, जा.” सुनेचा खांदा धरून ती गेली.

काही महिन्यांनी एका हॉलमध्ये डॉक्टरांनी अभ्यास मांडला. नव्या पद्धतीत एकाही डोळ्यात सूज आढळली नाही, असं मोठ्या पडद्यावर आलं, टाळ्या वाजल्या. नाहीच आढळणार. सुजलेला डोळा चांदणीवर ठरत नाही, न ठरलेल्या डोळ्याला गुण मिळत नाहीत, आणि गुण नसलेला डोळा मी झाडून टाकलेला. मग मला वर बोलावून शाल-श्रीफळ दिलं. डॉक्टर माइकवर म्हणाले, “यांच्या हातून खराब चित्र येतच नाही.” मी हात जोडले. तो फोटो बायकोनं फ्रेम करून भवानी पेठेतल्या आमच्या घरी टीव्हीच्या वर लावला आहे. त्यात मी जो चेहरा केलाय, नम्र, ओठ मिटलेले, मान जराशी कललेली, तो बघितला की घशाशी येतं. त्या दिवशी मात्र काही आलं नव्हतं. बासुंदीच्या दोन वाट्या प्यालो.

वर्षभरानं करकंबच्या त्या बाईची सून स्वतःच्या चष्म्यासाठी आली. मी तिला ओळखलं नाही, तिनं मला ओळखलं.

“आमच्या आत्याबाईंचा त्यो डोळा गेलाच बगा,” ती सासूबद्दल म्हणाली. “आता दुसऱ्यातबी मोतीबिंदू पिकलाय. पन आपरेशनला तयारच न्हाईत.”

“मग दाखवायला का नाही आणलं परत?”

“कसं आनायचं? म्हनत्यात, मला बघता येत न्हाय नीट, डाक्टर वरडत्यात.”

पुढच्या रविवारी मी करकंबला गेलो. बायकोला सांगितलं, मित्राकडं काम आहे. एसटीत बसून वाक्यं जुळवत होतो. ‘मावशी, चूक माझी होती’ इथून सुरुवात करायची ठरवली होती.

ती ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, बोटांनी चाचपून. किडका दाणाही बोटानंच कळत होता, तो बाजूला टाकत होती. सुनेनं ‘दवाखान्यातलं आल्यात’ म्हणून सांगितलं. मी “काय मावशी” म्हणालो तशी तिनं मान वर केली. नजर माझ्या कानापाशी लागली होती.

“हलू नका म्हननारं डाक्टर न्हवं का तुमी?”

“हो.”

“आवाजावरनं वळखलं की. बसा, बसा. अगं चा टाक.” मग शेंग फोडत म्हणाली, “तुमी लई जीव तोडून सांगत हुता. सरळ बघा, सरळ बघा. माज्याच्यानं झालंच न्हाय. म्हनून गेला डोळा.”

“तसं नसतं मावशी.”

“तसंच की. समद्यास्नी चांदनी दिसती, मलाच दिसत न्हाय, म्हंजे माजंच कायतरी वाकडं.”

“दुसऱ्या डोळ्याचं करून घ्या. चांगला होईल तो.”

“नगं बाबा. तितंबी चांदनी बघाया लावत्याल. न्हाय जमलं, तर ह्योबी जाईल. हाय हे थोडं दिसतंया, बास.”

सून चहा घेऊन आली. म्हणाली, “तुमीच सांगा की जरा. आमचं ऐकत न्हाईत.”

सांगायला याच्याहून सोपी जागा मला आयुष्यात मिळणार नव्हती. कुणी अडवत नव्हतं. मी म्हणालो, “डोळ्याला ऊन लागू देऊ नका. गॉगल वापरा.”

गॉगल वापरा! हे मी म्हणालो. बाई “व्हय व्हय” म्हणाली, हात जोडले, एवढ्या लांबून आलात म्हणाली. मी साखर जास्त झालेला तो चहा संपवला आणि पंढरपूरची गाडी धरली. गाडीत आपल्याच तोंडाचा वास येत राहिला. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या हनुवट्या पुसल्या. माझ्याइतकं घाण तोंड त्या पट्टीवर कुणी टेकवलं नसेल.

त्याला आता सात-आठ महिने होत आले. खोलीत मी कुणावर ओरडत नाही, सिस्टर त्यावरूनही टोमणा मारते: “सर, तब्येत बरी आहे ना?” कुणी चांदणी दिसत नाही म्हणालं की मी तिसरं कारण लिहीत नाही, डॉक्टरांकडं पाठवतो. त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. पडू देत. पण याला प्रायश्चित्त म्हणायची मला लाज वाटते. हे तर पहिल्या दिवसापासूनचं कामच होतं. आणि हे सगळं मी लिहून काढतोय खरा, पण तिला वाचता येत नाही. त्या ओट्यावर जाऊन तोंडानंच बोलावं लागेल.

सांगायचं आहे ते असं. मावशी, तुम्ही नीटच बघत होता. चांदणी दिसत नव्हती कारण डोळा आतून सुजला होता. मला ते दिसलं, आणि मी पुसलं. तेव्हा सांगितलं असतं तर औषध होतं. दुसरा डोळा बघण्यानं जाणार नाही, न दाखवल्यानं जाईल. आणि डॉक्टरांना लेखी द्यायचं आहे की त्या अभ्यासात ‘सहकार्य नाही’ या शेऱ्याखाली किती डोळे गेले ते मला आठवत नाही, त्यातल्या एकाचं मला पक्कं माहीत आहे, आणि बाकीच्यांना शोधून परत बोलवायला हवं.

यातलं एकही मी अजून केलेलं नाही. तिला खरं सांगणं बाकी आहे, आणि तिचा दुसरा डोळा रोज थोडा थोडा कमी होतो आहे.