मातीवरचे ठसे

मी डोंबिवलीत बारशांचे, साखरपुड्यांचे फोटो काढते. गेल्या वर्षी माझा छोटा मिररलेस कॅमेरा हातातून निसटायला लागला. कॅमेराच एवढासा, करंगळीला जागा नाही, असं मी धरून चालले. आधी अंगठ्याला टेकू लावला, मग पुढून रबरी ग्रिप चिकटवली. चार दिवस बरं वाटायचं, की पुन्हा तेच.

शेवटी वागळे इस्टेटमध्ये गेले. तिथल्या एका वर्कशॉपमधले काका मापाप्रमाणे लाकडी ग्रिप बनवून द्यायचे. त्यांनी मऊ मातीचा गोळा माझ्या उजव्या हातात दिला.

"घट्ट दाबा, ताई."

मी दाबला. तीन बोटं खोल रुतली होती, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र जेमतेम उमटलं होतं.

"आता जोर लावून."

मी होता तेवढा जोर लावला. ठसे तसेच आले. काका माझ्या हाताकडे बघत राहिले. अंगठ्याशेजारी खड्डा पडला होता आणि मला तो कधी दिसलाच नव्हता.

"ग्रिप देतो करून," ते हळू म्हणाले, "पण आधी डॉक्टरला दाखवा. माझ्या भावाचं असंच सुरू झालेलं."

"आता कसे आहेत ते?"

काकांनी मातीचा गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला.

कोपरापाशी नस दबल्याचं निघालं. ऑपरेशन झालं, बोटांत थोडी ताकद आली, मी पुन्हा कामाला लागले. परवा डाव्या हातातून चहाचा कप सुटला. घरात मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.