वळणावर उभ्या राहणाऱ्या बापटबाई

श्रीमती निर्मला बापट यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी बग्गीत, म्हणजे आमच्या वसाहतीतल्या छोट्या गाडीत, बसलो होतो आणि बाई तिला आडव्या उभ्या होत्या. नऊवारी नव्हे, साधी पाचवारी, पायात पांढरे बूट, गळ्यात शिट्टी, एक हात वर. बग्गी चालवणाऱ्या लिम अंकलनी ब्रेक दाबला. बाई सावकाश माझ्या बाजूला आल्या आणि मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, "मराठी दिसता. पायाला काही झालंय?"

"नाही."

"गुडघे?"

"ठीक आहेत."

"मग उतरा. ही गाडी ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी आहे. मागे बघा जरा."

मागे एक चिनी आजी भाजीच्या पिशव्या सावरत चढ चढत होत्या. मी उतरलो, आजी बसल्या. लिम अंकल आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले, "आंटी, एव्हरी डे यू स्कोल्ड माय पॅसेंजर, लाह." बाईंनी त्यांना शुद्ध मराठीत सांगितलं, "तुम्हाला काही बोलले का मी? चला पुढे." दोघंही हसले. हसण्यासारखं मला काही दिसलं नाही, कारण पुढचा चढ मला लॅपटॉपची बॅग घेऊन चढायचा होता. शहरात पाया लेबार भागातल्या ऑफिसात दिवसभर माणसांना कामाला लावणारा मी, त्या संध्याकाळी एका निवृत्त बाईंच्या शिट्टीवर चाललो, आणि तेव्हापासून त्यांचा शिष्य म्हणवून घेतो.

या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळाने मला एक प्रेमळ सूचना केली आहे. बाईंची शिस्त, त्यांच्या अळूवड्या, लहान मुलांकडून त्यांनी करून घेतलेले सूर्यनमस्कार यांवर मोकळेपणाने लिहावं. 'बग्गीचा विषय' मात्र शक्यतो टाळावा, प्रसंग आनंदाचा आहे. पंचाहत्तरीचा प्रसंग आनंदाचा आहे हे मला मान्य आहे. पण बाई पंचाहत्तरीपर्यंत धडधाकट पोचल्या त्यात आपल्या मराठी मंडळाचा वाटा किती, हे सांगायचं तर बग्गीशिवाय सांगता येत नाही. अळूवड्या उत्तम असतात. तो विषय संपला.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडी माहिती द्यायला हवी. सिंगापुरात बुकित पंजांगच्या पलीकडे एका टेकाडावर आमचं कॉन्डो, म्हणजे कुंपणातली खाजगी वसाहत, आहे. बांधणाऱ्यांनी 'ज्येष्ठांसाठी निवांत निवास' अशी त्याची जाहिरात केली, त्यामुळे इथे नोकरीनिमित्त आलेल्या आपल्यापैकी अनेकांनी आईवडिलांना आणायचं ठरवल्यावर इथेच फ्लॅट भाड्याने घेतले. बाईही मुलाकडे, अजितकडे, अशाच आल्या. साताऱ्याच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर शारीरिक शिक्षण शिकवलं होतं. ज्येष्ठांसाठी वसाहत टेकाडावर का बांधली, असं त्यांनी आल्या आल्या विचारलं. उत्तर म्हणून मॅनेजरनी त्यांना बग्गी दाखवली. गोल्फच्या मैदानावर असते तसली, विजेवर चालणारी, पांढरीशुभ्र, आणि अजिबात आवाज न करणारी. हा शेवटचा गुण माहितीपत्रकात ठळक छापलेला होता.

आता आपली माणसं. सिंगापुरात आलेला मराठी म्हातारा भाषा सोडील, चहाची वेळ सोडील, पण जेवणानंतरची शतपावली सोडणार नाही. आमच्याकडे फुटपाथ नव्हता. गेटपासून ब्लॉकपर्यंत एकच डांबरी ड्राइव्हवे, त्यावर गाड्या, त्यावरच बग्गी आणि त्यावरच शतपावली. ती एकट्यादुकट्याने होत नाही. चौघं जण एका ओळीत, रस्ताभर पसरून, हात मागे बांधून, पेन्शन आणि सुनांविषयी बोलत जातात. मागून येणाऱ्याने घंटा वाजवावी, हॉर्न द्यावा, निदान इंजिनाचा तरी आवाज करावा, अशी आपली आयुष्यभराची समजूत. पाठीला डोळे नसले तरी कान असतात, एवढ्या भरवशावर आपला समाज आजवर रस्त्यात चालत आलेला आहे. बिनआवाजाच्या गाडीपुढे तो भरवसा काय कामाचा, हे पहिल्यांदा ओळखलं ते बापटबाईंनी. त्यांनी सगळ्यांना एकामागे एक, उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाडीकडे तोंड करून चालायला सांगितलं. खांद्यावर पांढरा पंचा टाकायला सांगितला. आमचे ज्येष्ठ म्हणाले, "बाई, आम्ही काय पाचवीत आहोत?" बाई म्हणाल्या, "पाचवीतली मुलं ऐकतात."

ऐकलं कुणी नाही. आणि त्याच सुमारास बग्गीचा वेग वाढला. तो आपोआप वाढला नाही, आम्ही वाढवला. सकाळी एलआरटीची गाडी गाठायची असते, संध्याकाळी जिमची वेळ चुकते, म्हणून आम्ही तरण्याताठ्या, नोकरीच्या पासवर इथे राहणाऱ्या, उच्चशिक्षित रहिवाशांनी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर तक्रारींचा पाऊस पाडला की बग्गी फार हळू चालते. मॅनेजरनी लिम अंकलना फैलावर घेतलं. ज्येष्ठांसाठी आणलेली गाडी ज्येष्ठांच्याच अंगावर कशी घालायची, याचं प्रशिक्षण त्यांना असं आम्ही दिलं.

काळेकाका हे नाशिकचे निवृत्त बँक अधिकारी, अतिशय सौम्य गृहस्थ. जेवणानंतर ते ओळीच्या बाहेरच्या टोकाला चालत होते. क्लबहाउसपाशी शोभेच्या झुडपांमुळे आंधळं झालेलं जे वळण आहे, तिथे उतारावरून मागून बग्गी आली. काकांच्या खुब्याचं हाड मोडलं. अँब्युलन्स येईपर्यंत बाई डांबरावर मांडी घालून बसल्या होत्या आणि काकांचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. काका सारखं म्हणत होते, "माझंच चुकलं, मी बाजूला व्हायला हवं होतं." बाई म्हणाल्या, "काळे, चूक कुणाची ते मी बघते. तुम्ही फक्त जागे राहा." लिम अंकल बाजूला रडत उभे होते. बाईंनी त्यांचाही हात धरून ठेवला होता. मॅनेजमेंटने त्यांना कामावरून काढायचं ठरवलं तेव्हा ऑफिसात जाऊन बाईंनीच विचारलं, "ही गाडी जोरात चालवायला त्यांना कोणी सांगितलं? अंकलना काढणार असाल तर आधी त्या सांगणाऱ्यांना काढा." लिम अंकल आजही बग्गी चालवतात, आणि त्या वळणावर उतरून आधी पलीकडे डोकावून येतात.

अपघातानंतर मॅनेजमेंटने अतिशय तत्परतेने उपाय केला. प्रत्येक लिफ्टमध्ये सूचना लागली: सुरक्षिततेसाठी रहिवाशांनी ड्राइव्हवेवर चालू नये, बग्गीचा वापर करावा. खाली चित्र. चालणाऱ्या माणसावर लाल फुली आणि शेजारी हसरी बग्गी. मी व्यंगलेख लिहून नाव मिळवलेला माणूस आहे, पण असं काही मला कधी सुचलं नसतं. गाडीने माणूस पाडला, म्हणून माणसाला बंदी. बाईंनी त्याच रात्रीपासून दहा-बारा ज्येष्ठांना, आता ते ऐकायला लागले होते, हातात टॉर्च देऊन ड्राइव्हवेवर रांगेने चालवायला सुरुवात केली.

खरा संताप मला आला तो यापुढच्या गोष्टीचा. आपलं मंडळ काय म्हणालं? अध्यक्षांच्या घरी बैठक झाली, पोहे झाले, चहा झाला. मग अध्यक्ष घसा साफ करून म्हणाले, "ताई, आपण इथे पाहुणे आहोत. सगळ्यांचे पास रिन्यू व्हायचे असतात. तुमचा स्वतःचा व्हिजिट पास अजितच्या नोकरीवर आहे. उगाच नजरेत कशाला यायचं?"

अजित खाली मान घालून बसला होता. रात्रंदिवस तो हेच आईला सांगत होता आणि त्याची भीती खोटी नव्हती.

बाई म्हणाल्या, "पाहुण्याच्या अंगावर गाडी घालायची पद्धत आहे का इथे?"

"तसं नाही हो. पण तुम्ही दहा-बारा जणांना घेऊन रांगेने चालता. इथे परवानगीशिवाय मोर्चा काढता येत नाही."

"मोर्चा कुठला, शतपावली आहे."

"हातात टॉर्च असतात."

"अंधारात दिसावं म्हणून. आमच्या शाळेत मुलं मैदानावर पडायची तेव्हा हेडमास्तर म्हणायचे, मैदान बंद करा. मी मैदान बंद होऊ दिलं नाही. तुम्ही हेडमास्तरांपेक्षा मोठे आहात का?"

मंडळाने ठराव केला की हा विषय वैयक्तिक असून मंडळाचा त्याच्याशी संबंध नाही. काळेकाकांना मात्र मंडळाने फुलांचा गुच्छ पाठवला. आपण गुच्छ पाठवण्यात कधीच कमी पडत नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाई जेवण झाल्यावर वळणावर जाऊन उभ्या राहू लागल्या. चालणाऱ्यांची रांग आली की शिट्टी, बग्गी आली की हात वर. अजितची मुलगी सिया एकदा त्यांना घरी न्यायला आली. "आज्जी, एव्हरीबडी इज लुकिंग, लाह. सो पैसे." सिंगापुरी पोरांच्या भाषेत पैसे म्हणजे लाज वाटणं. बाई म्हणाल्या, "बघू देत. बघितलं तर धडकणार नाहीत." सिया थोडा वेळ तोंड फुगवून उभी राहिली आणि मग टॉर्च धरायला थांबली. अजित मात्र महिनाभर त्या वाटेने आला नाही. मग एका संध्याकाळी आला, आईला पाण्याची बाटली दिली आणि शेजारी उभा राहिला. पास त्याच्या नावाचा होता. मंडळात भाषणं करणाऱ्या कुणापेक्षाही त्याने जास्त पणाला लावलं होतं.

भाजीच्या पिशव्यावाल्या चिनी आजी, मिसेस वाँग, हे सगळं बाल्कनीतून बघत होत्या. एक दिवस त्या खाली आल्या आणि पोटरीवरची जुनी जखम त्यांनी बाईंना दाखवली. तीही बग्गीचीच. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण मुलगा म्हणाला असता, आता चालणं बंद. बाईंना चिनी येत नाही, मिसेस वाँगना मराठी येत नाही, आणि दोघींचं इंग्रजी ऐकणाऱ्याने काळजावर दगड ठेवून ऐकावं असं. पण त्या दिवसापासून दोघी मिळून उभ्या राहिल्या. कॉन्डोच्या वार्षिक सभेत आम्हा भाडेकरूंना मत नसतं. मिसेस वाँग स्वतःच्या फ्लॅटच्या मालक. त्या उठल्या आणि स्वतःच्या भाषेत जे बोलल्या त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही. कॉन्डोच्या कमिटीतल्या लोकांचे चेहरे मात्र मला नीट कळले. बाई त्यांच्या शेजारी नुसत्या उभ्या होत्या. शिट्टी गळ्यात होती, वाजवावी लागली नाही.

फुटपाथ मंजूर झाला. बग्गीचा वेग कमी झाला. लिफ्टमधली सूचना गेली. आपल्या पत्रिकेच्या पुढच्याच अंकात मंडळाने 'मंडळाच्या पाठपुराव्याला यश' अशी बातमी छापली. ती मी तीनदा वाचली. आपल्या पाठपुराव्याची मला काहीच कल्पना नव्हती.

पण तो फुटपाथ वळणापर्यंतच आहे. तिथे शोभेची झुडपं आड येतात. ती काढली तर क्लबहाउसची शान जाईल असं कमिटीला वाटतं. म्हणजे जिथे काळेकाका पडले, नेमका तेवढाच तुकडा उरलाय. म्हणून बाई पंचाहत्तराव्या वर्षी अजूनही तिथे उभ्या राहतात. काळेकाकांना त्यांनी पुन्हा चालायला शिकवलं. रोज थोडं, दमात घेऊन, कधी गोडीने. काका आता काठी घेऊन गेटपासून वळणापर्यंत जातात आणि तिथून परत फिरतात. पुढे जायची त्यांना भीती वाटते. काकूंनी मला सांगितलं, "ते झोपेत दचकतात अजून. पण बाई हाक मारायला आल्या की बूट घालतात."

आता या सोहळ्याविषयी. सत्कार क्लबहाउसमध्ये आहे. आपल्या उत्सव समितीने बाईंना गेटपासून तिथपर्यंत वाजतगाजत आणायचं ठरवलं आहे. कशातून? बग्गीतून. झेंडूच्या माळांनी सजवलेल्या बग्गीतून. मी अध्यक्षांना विचारलं, हे कुणाच्या डोक्यातून आलं. ते म्हणाले, "अहो, वयाचा मान राखायला नको का? चढ आहे." बाईंनी त्यांना स्पष्ट सांगितलं की बग्गी आणली तर मी येणार नाही. समितीने तो बाईंचा विनय समजून फुलांची ऑर्डर कायम ठेवली. विनय बाईंच्या अंगी आहे असा संशय यापूर्वी कुणालाही आला नव्हता.

तेव्हा हा ग्रंथ ज्यांच्या हाती सोहळ्याच्या आधी पडेल त्यांना माझी विनंती आहे. फुलांची बग्गी वर रिकामी जाऊ द्या. आपण सगळे गेटपाशी जमू आणि बाईंच्या मागे एकामागे एक, उजव्या कडेने चालत जाऊ. अध्यक्षांनाही घेऊ, त्यांचे गुडघे ठीक आहेत, मी विचारलं आहे. काळेकाका येणार आहेत. वळणापाशी फुटपाथ संपेल. तिथे बाई थांबणार नाहीत, काकाही परत फिरणार नाहीत. ते दोघं त्या झुडपांच्या कडेने पुढे जातील, आणि त्या वेळी मागून काही येणार नाही एवढं बघायला आपण सगळे रस्ताभर पसरून उभे असू. आपल्या समाजाला ती कला येतेच.

बाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो असं इथे प्रत्येक जण लिहील. मीही लिहितो, मनापासून. फक्त एवढं जोडतो, की असं आयुष्य आपल्या इच्छेने लाभत नाही. त्यासाठी कमिटीकडे जाऊन ती झुडपं तोडा म्हणून सांगावं लागतं, आपला पास खिशात असताना, तो जाईल ही भीती बाजूला ठेवून सांगावं लागतं. सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाणार आहे. बाईंनी शंभरी त्या वळणापलीकडच्या फुटपाथवर चालत गाठावी अशी ज्यांची इच्छा असेल, त्यांनी माझ्याबरोबर यावं.