चप्पल कुणी नेली?

चौलच्या शाळेत मी नववीला विज्ञान शिकवायला लागले, त्या वर्षीची ही गोष्ट. लाटांचा धडा चालू होता. फळ्यावर नागमोडी रेघ काढून मी म्हटलं, "हा अवतरंग. लाट पुढे जाते, पाणी मात्र जागच्या जागी वर-खाली होतं."

एक मुलगी उठली. तिचे आईवडील नागावच्या किनाऱ्यावर शहाळी विकायचे, सुट्टीत तीही तिथेच असायची.

"मॅडम, पाणी जागचं हलत न्हाय, मग माझी चप्पल कुणी नेली?"

वर्ग खदखदून हसला. मीही हसले. "उद्या सांगते," म्हणून वेळ मारून नेली.

घरी पुस्तकं काढून बसले, तेव्हा कळलं की तिची शंका रास्त होती. खोल पाण्यात पाणी गोल फिरून जवळपास जागेवर येतं; वर-खाली होतं तसं पुढे-मागेही होतं. किनाऱ्याशी तळ उथळ झाला की लाट फुटते, पाणी खरंच वाळूवर धावतं आणि परतताना सापडेल ते ओढून नेतं.

दुसऱ्या दिवशी वर्ग मैदानावर नेला आणि हे सगळं सांगितलं. "म्हंजे माझं बरोबर हाय!" ती सगळ्यांकडे बघत म्हणाली.

मग मुलांना शेजारी-शेजारी उभं करून एकामागून एक खाली बसून उठायला लावलं. लाट ओळभर गेली, जागा कुणीच सोडली नाही. हा झाला अवतरंग. नंतर एकामागे एक उभं करून पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायला सांगितले आणि मागून हलका धक्का दिला. धक्का जिकडे जातो, त्याच दिशेनं मुलं पुढे-मागे होतात, हा अनुतरंग. हवेतून आवाज असाच जातो.

गलका ऐकून मुख्याध्यापक बाहेर आले. माणूस कडक. "काय चाललंय?"

मी तोंड उघडायच्या आत तीच मुलगी म्हणाली, "सर, तुमी पुढं उभे ऱ्हा ना! आवाज पोचतो का बघू."

मी जीभ चावली. सर मुकाट्यानं ओळीच्या पुढे जाऊन उभे राहिले. त्यांच्या खांद्याला हात लावायचं मागच्या मुलाचं धाडस होईना, तेव्हा त्यांनीच त्याचा हात ओढून खांद्यावर ठेवला.

धक्का आला तो चांगलाच जोरात. सर चष्मा सावरत धडपडले.

"पोचला," सर म्हणाले. "पण जरा मोठ्यानं बोललात."

मग जो हशा पिकला, त्यात सरही सामील होते. आणि त्यांनी लगेच फर्मावलं, "आता मी मागे. धक्का मी देणार!"