मालनबाईंचे नऊ गुण

आपल्याला नाचता येतं, हे मालनबाईंना साठाव्या वर्षी कळलं. तोवर त्यांची समजूत होती की आपण कापूस तुडवतो.

अंबड तालुक्यातल्या त्यांच्या गावात दिवाळीनंतर कापसाचे व्यापारी टेम्पो घेऊन येतात. कापूस हलका आणि फुगीर. नुसता भरला तर निम्मी हवाच जालन्याला जायची. म्हणून एक जण टेम्पोत चढतो आणि पायांनी कापूस दाबत राहतो. खालून टोपल्या येत राहतात आणि वरचा माणूस तुडवत तुडवत उंच होत जातो. हे काम बहुतेक गडीमाणसांचं. सतरा वर्षांच्या मालनबाई एकदा चढल्या, कारण त्या दिवशी गडी आला नव्हता. पुढे त्यांना उतरवायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. आधी चारी कोपरे, मग कडा, शेवटी मध्य, अशी त्यांची रीत. गुडघ्यापर्यंत पाय रुतला की कमरेला असा काही हिसका देत की पाय आपोआप मोकळा व्हायचा. अंगाने बारीक, पण पाऊल असं वजनदार की व्यापारी म्हणायचे, "मालनबाई वर असल्या की टेम्पोत दोन क्विंटल जास्त बसतो."

गेल्या हंगामात नात प्रीती हिने त्यांचा व्हिडिओ काढला, त्याला हलगी जोडली आणि फोनवर टाकला. चार लाख लोकांनी तो पाहिला. मालनबाईंचे पती तातेराव यांनी तर एकट्यानेच तीस-चाळीस वेळा पाहिला. "आवं, रोज खाली उभा राहून पाह्यलं, तवा काही वाटलं न्हाई," ते म्हणाले, "हे फोनमधी लई भारी दिसून राह्यलं."

त्या व्हिडिओमुळे आमंत्रणाचं पत्र आलं. नवीन जालन्यातल्या व्यापाऱ्यांचं एक मंडळ दर फेब्रुवारीत 'जालन्याचे तारे' नावाची नृत्यस्पर्धा घेतं. भाग घेणारे सगळे नामवंत, पण नाचणं हा कोणाचाच धंदा नसलेला. पहिलं बक्षीस, माणसाच्या छातीइतका उंच कूलर.

कूलर म्हटल्यावर मालनबाई सरळ बसल्या. गावातल्या विहाराला लागून पत्र्याच्या छताची एक अभ्यासिका आहे. तिथे प्रीती आणि आणखी अकरा मुलीमुलं परीक्षांचा अभ्यास करतात. मार्च लागला की पोरी ओले टॉवेल डोक्यावर घेऊन बसतात, आणि ते वाळले की पुन्हा नळावर जातात. निम्मा अभ्यास नळावरच होतो.

"आणते मी तो कूलर," मालनबाईंनी विहारात सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

अर्ज प्रीतीने भरला. त्यात एक रकाना होता, 'नृत्याचा पूर्वानुभव, वर्षे.'

"आजी, इथं काय लिहू?"

"त्रेचाळीस."

"तू कुठं नाच शिकली?"

"मंग चार लाख लोकांनी काय पाह्यलं? लिही. अनुभव कधी लपवायचा नसतो माय. मुकादम पह्यला प्रश्न तोच विचारतो. जिला जास्त वर्षं, तिला काम."

प्रीतीने स्वच्छ अक्षरात त्रेचाळीस लिहिलं. अर्जाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात नियम होते, ते दोघींनीही वाचले नाहीत.

नियमांमागे इतिहास होता. आदल्या वर्षी एका बँकेचे मॅनेजर पहिले आले, आणि नंतर कळलं की ते लहानपणी सात वर्षं भरतनाट्यम शिकलेले. त्यावरून मंडळात जे भांडण जुंपलं ते मॅनेजरसाहेबांची बदली झाली तेव्हाच मिटलं. म्हणून यंदा नियम केला होता की शिकलेल्यांनी यावं, पण अर्जात लिहिलेल्या अनुभवाच्या प्रत्येक वर्षाला दोन गुण कापले जातील.

मंगल कार्यालयात खुर्च्या कमी पडल्या. चार तारे होते. एका पहिलवानाला अखाड्यातली उडी शिक्षणात धरायची की नाही, यावर समिती पंधरा मिनिटं आत बसली होती. दातांच्या डॉक्टर शीतलताई नऊ वर्षं कथक शिकलेल्या. त्या इतक्या सुंदर नाचल्या की लोक टाळ्या वाजवायचं विसरले. भुजंगशेठ हे कूलरचे मोठे दुकानदार. जालन्यातल्या निम्म्या ऑटोंच्या पाठीवर त्यांचा फोटो आहे, तेवढ्यावर ते तारे. बक्षिसाचा कूलरही त्यांनीच दिलेला. ते वरातीत नाचतात तसे, रुमाल दातांत धरून नाचले.

मालनबाई स्टेजवर आल्या त्या सरळ मागच्या डाव्या कोपऱ्यात गेल्या आणि परीक्षकांकडे पाठ करून तुडवायला लागल्या. लोक हसले. मग दुसरा कोपरा, तिसरा, चौथा. लाकडी फळ्यांचा आवाज हलगीत मिसळला. कडा झाल्या, आणि मध्यावर येऊन त्यांनी कमरेला तो हिसका दिला तेव्हा सगळं कार्यालय उभं राहिलं. पहिलवान शिट्टी वाजवत होता.

परीक्षकांनी शंभरातले पंच्याण्णव दिले. त्या दिवशीचे सगळ्यांत जास्त.

मग समितीचे अध्यक्ष अर्ज हातात घेऊन घाम पुसत मालनबाईंकडे आले.

"बाई, हे त्रेचाळीस काय लिहिलं? शहाऐंशी गुण कापावे लागतात. नऊच उरतात तुम्हाला!"

"नऊ?"

"नजरचुकीनं झालं म्हणा. हे खोडा, शून्य लिहा, बाजूला सही करा. पहिला नंबर तुमचाच. निकाल लागायचा आहे अजून."

शेजारी उभे असलेले भुजंगशेठ म्हणाले, "असं कसं? आम्ही कोरी पाटी घेऊन आलो. शिकलेल्यांसंग आमचा टिकाव कसा लागणार? नियम म्हंजे नियम."

"शेठचं चूक नाही," शीतलताई हळूच म्हणाल्या. "नऊ वर्षं मी शिकले, ती तर पायात आहेतच."

प्रीतीने पेन पुढे केलं. "आजी, खोड. कूलर..."

मालनबाईंनी पेन घेतलं. समोर तो कूलर उभा होता, वर लाल फीत. पोरींचे ओले टॉवेल त्यांना दिसत होते. कागदावर पेन टेकलंसुद्धा. मग त्यांनी ते उचललं.

"शून्य कसं लिहू?" त्या म्हणाल्या. "त्रेचाळीस वर्षं शिकले मी. पह्यल्या साली रोज रुतत होते, दुसऱ्या साली टाच कळली. ते काय कोणी आंदण दिलं? अन् साहेब, शिकलं म्हणून मार्क कापता, मंग आमच्या पोरी त्या पत्र्याखाली कामून शिजून राह्यल्या? त्यांनीबी कोरंच राहावं का?"

अध्यक्षांनी अर्ज परत घेतला. त्यांनी निकाल वाचला. शीतलताई एक्याण्णव वजा अठरा, त्र्याहत्तर. भुजंगशेठ चौऱ्याहत्तर वजा काही नाही, प्रथम. मालनबाई, नऊ.

भुजंगशेठ हात जोडून स्टेजवर गेले आणि त्यांनी स्वतःच्याच दुकानातला कूलर स्वतःच्या हाताने स्वीकारला. मागून कोणी तरी ओरडलं, "शेठ, वारंटी कार्ड घेतलं का?"

परतीच्या ऑटोत तातेराव बोटांवर हिशेब करत होते. शेवटी म्हणाले, "नऊ काही कमी न्हाईत. मला सातवीत गणितात चार होते."

विहारात मालनबाईंनी खाली मान घालून सांगितलं, "आला न्हाई." पोरी म्हणाल्या, असू द्या आजी. पण त्या रात्री मालनबाई जेवल्या नाहीत.

दहा दिवसांनी भुजंगशेठ स्वतः आले. मागे छोटा हत्ती टेम्पो, त्यात लाल फितीसकट तो कूलर.

"जय भीम, मालनबाई. हा घ्या."

"कशापायी? दान नको आम्हाला."

शेठ ओशाळले. "दान न्हाई हो. लोक जगू देईनात. गिऱ्हाईक दुकानात येतं अन् म्हणतं, काहीच येत न्हाई म्हणून ज्यांचा पह्यला नंबर आला, ते तुम्हीच का? बायको तर घरी पाहुण्यांना सांगून राह्यली." त्यांनी आवाज उतरवला. "मला शिकवा. हा कूलर फी समजा."

मालनबाईंनी त्यांच्या पायांकडे बराच वेळ, बारकाईने पाहिलं. चपला काढायला लावल्या.

"टाच बरी हाये," त्या म्हणाल्या. "पण बरीच वर्षं लागतील."

"लागू द्या."

कूलर आधी अभ्यासिकेत लावून, पाणी भरून, चालू करून झाला. मग त्या शेठना हंगामातल्या शेवटच्या टेम्पोकडे घेऊन गेल्या. पांढरी विजार दुमडून शेठ त्यांच्या मागोमाग वर चढले, त्यांनी मोठ्या ऐटीत पहिलं पाऊल टाकलं आणि कमरेपर्यंत कापसात गेले.

"आता?" त्यांनी घाबरून विचारलं.

खाली माणसं जमली होती. तातेरावांनी तर फोन काढलाच होता.

"फोन खाली घ्या, अन् कोणी हसू नका," मालनबाई वरून दरडावून म्हणाल्या. "मीबी पह्यल्या दिवशी इथपर्यंतच गेल्ते. शेठ, घाई करू नका. आधी नुसतं उभं राहा."