राखाडी रंगवलेली गल्ली

भूगोलाच्या प्रात्यक्षिकात मी एकदा नापास झाले होते. दुसऱ्या खेपेला बाबांनी मेडशीहून निघतानाच बजावलं, “आता पास झाली तं पुढं शिक. नाई तं घरी बस.” बाबा कधी आवाज चढवत नाहीत, म्हणून त्यांच्या बोलण्याची जास्तच धास्ती वाटते.

काम तसं सोपं होतं. वाशीमच्या बाजारातली एक गल्ली घ्यायची आणि दुकान न् दुकान नोंदवून तिचा नकाशा रंगवायचा. तीन वर्षं एसटीने येऊनही मला स्टँड ते कॉलेज एवढंच वाशीम ठाऊक होतं, आणि त्याला आपलं शहर म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. तास संपले की गाडीची वेळ होईपर्यंत मी गल्लीत जायची. हिवाळ्याचे दिवस, ऊन उतरलेलं. चार दिवस गेले, रोज निम्म्या दुकानांची शटरं खाली. मी ती राखाडी रंगवली आणि खाली ठोकून दिलं, ‘या गल्लीतला व्यापार संपत आला आहे.’

भूगोलाच्या मॅडमनी वाचलं आणि वही परत केली. “आधी हे त्या गल्लीत वाचून दाखव.”

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले, तर गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. माझ्या राखाडी दुकानांपैकी एकात म्हातारे जैन काकाजी पितळी भांडी पुसत बसले होते. त्यांनी चष्मा लावून नकाशा पाहिला.

“काहून वं पोरी, मी इथं बसून आहो अन् तू मले बंद करून राह्यली?” मग त्यांनाच हसू आवरेना. “निम्मी गल्ली आमा जैनांचीच, अन् आमी सूर्य बुडायच्या आत जेवतो. शटर वढतो, घरी जातो, जेऊन येतो. तुले कोनाले इचारता नाई आलं?”

नव्हतं विचारलं. चार दिवस गल्ली पाहिली आणि एका माणसाशी बोलले नाही. माझे कान तापले. आमच्या घरी दिवे लागल्यावर चुलीवर तवा चढतो, तेव्हा साऱ्या जगाचं तसंच, असं मी धरून चालले होते.

काकाजींनी स्टूल पुढे सरकवलं. पुढचे तीन दिवस मी सकाळपासून तिथंच, एकेकाला विचारून नवा नकाशा रंगवत. खेड्यांवरून आलेल्या बाया जड पिशव्या त्यांच्याकडे टाकून निर्धास्त बाजाराला जायच्या. तिसऱ्या दिवशी इंझोरीच्या एका बाईने मला सुताराचं दुकान विचारलं. मी म्हणाले, “हे काय, आपल्या कोपऱ्यावर.” आणि माझंच मला नवल वाटलं.

परीक्षेत मी जुना नकाशा नव्याशेजारीच लावला. बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, “हा चुकीचा कशाला ठेवला?”

“सर, दिवस मावळताना गल्ली तशीच दिसते. निष्कर्ष तेवढा माझा चुकला.”

निकाल लागला तेव्हा स्टँडवरून बाबांना फोन करून पास झाल्याचं सांगितलं. ते म्हणाले, “मंग एम.ए.चा फारम आजच भरून ये. शेवटच्या गाडीनं आली तरी चालते.”

मी माणसांनी भरलेल्या स्टँडवर खुशाल रडून घेतलं आणि कॉलेजकडे परत फिरले.