नाव न घ्यायची वेल

बाबांचे डोळे पिवळे झाले तेव्हा ते म्हणाले, उन्हामुळे तसं दिसतं. आम्ही सावलीत बसलो होतो.

यवतमाळच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून त्यांना भरती करून घेतलं. लिव्हरला चांगलीच सूज होती. "काढा, झाडपाला काही घेता का?" त्यांनी विचारलं.

"नाही जी," बाबा पंख्याकडे पाहत म्हणाले.

ते रोज अनशापोटी शुगरसाठी एका वेलीचा काढा पीत. वेल लोहाऱ्याला आमच्याच घरामागे, कडुनिंबावर चढलेली. मुकुटबनकडच्या एका म्हाताऱ्याने औषध सांगताना बजावलं होतं, नाव तोंडातून काढायचं नाही, गुण जातो. झाडपाल्याचा आमच्याकडे हाच नियम. वेल अख्ख्या गल्लीला ठाऊक होती आणि अख्खी गल्ली तिला 'ते' म्हणायची.

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेल्यावर मी भडकले. "बाबा, सांगून टाका. आता कोणता गुण जायचा राहिलाय?"

"शुगर उतरली ना पण," बाबा म्हणाले.

मला त्यांचा संताप आला होता आणि ते मरतील अशी भीतीही वाटत होती. चेहऱ्यावर फक्त संताप दिसत असावा, कारण नर्सने मला बाहेर बसायला सांगितलं.

तेवढ्यात आईने पिशवीतून वेलीचे तुकडे काढले. दवाखान्यात खंड पडू नये म्हणून तिने ते सोबत आणले होते. डॉक्टरांना गाठून तिने ते त्यांच्या हातावर ठेवले आणि परत येऊन बाबांना म्हणाली, "म्या नाव नाही घेतलं बरं."

डॉक्टरांनीही घेतलं नाही. "काही जणांच्या लिव्हरला हे बाधते. कोणाच्या, ते आधी समजत नाही," ते म्हणाले. "आजपासून बंद."

बाबा बरे झाले. शुगरसाठी आता गोळी घेतात.

परवा शेजारचे काका विळा घेऊन आले. त्यांना नुकतीच शुगर निघाली होती. "भाऊ, थोडं 'ते' तोडून नेतो."

बाबांनी लिव्हरचं सगळं सांगितलं. काका म्हणाले, "तुमाले नसन मानवलं. मले मानवते."

 बाबा उठून वेलीसमोर उभे राहिले आणि गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "गुळवेल!"

काकांनी उचललेला विळा तसाच खाली घेतला. ते रिकाम्या हाताने निघाले, आणि बाबा फाटकापर्यंत त्यांच्यामागे नाव घेत गेले.