आमच्या घरचे मायटोकॉन्ड्रिया

पॉवरलूमच्या घरात कितीही झाडा, संध्याकाळी सुताचे तंतू पुन्हा आहेतच. सीमाभागातल्या शहापुरात, आमच्या घरात किस्सेही तसेच साचतात. पुतणी मेघा पीएचडीला लागल्यापासून तर केरसुणी पुरेना!

विषय तिनं जेवताना समजावला. पेशीत मायटोकॉन्ड्रिया ऊर्जा तयार करतात. त्यांना खेटून ईआर नावाचं जाळं. दोघांत सतत देवघेव चालते, निरोप जातात-येतात. ते बिघडण्याचा आणि पार्किन्सनचा संबंध ती शोधते.

तिचे वडील, म्हणजे माझे थोरले भाऊ आण्णा, यांना हाच आजार. जन्म मागावर गेला, आता उजवा हात थरथरतो. म्हणून तो कायम खिशात. "गारठा हाय," म्हणतात. मे महिन्यात!

वहिनींनी मात्र विषय लगेच ओळखला. "भिंतीला भिंत लावून ऱ्हायचं म्हटल्यावर बिघडणारच की गं!"

*

शेजारच्या आप्पांनी विचारलं, "पेशीतली मंडळी बोलत्यात म्हणं. कन्नड का मराठी?"

"रसायनांनी बोलतात, आप्पा."

"लई बरं! बोर्ड कुठल्या भाषेत लावायचा, ह्यावरनं भांडाण न्हाय!"

*

मीही ज्ञान पाजळलं. "आमच्या ऑफिसात आवक आणि जावकची टेबलं चिकटून होती. दोघे क्लार्क वर्षानुवर्षं बोलले नाहीत. ऑफिस मेलं का?"

"मेलं नव्हतं, हे कुणी तपासलं होतं काका?"

रिटायर्ड माणसाला असं विचारू नये.

*

निपाणीचं स्थळ आलं. मुलाची आई म्हणाली, "पोरगा बघायचा सोडून पेशी काय बघत बसलीयास?"

"पेशी फोटोत दिसतात तशाच असतात, काकू."

त्यांची गाडी वाटेतल्या संकेश्वरला पोचायच्या आत फोन आला. पत्रिका जुळत नाही!

*

मेघाची जाहीर तोंडी परीक्षा ठरली. आण्णा म्हणाले, "म्या न्हाय येत. शिकल्याल्या माणसांत ह्यो हात कुठं लपवू?"

मेघा ताटावरून उठली.

शेवटी आण्णा आले. मागच्या रांगेत बसले, हात खिशात. मेघा तासभर बोलली. मला काही कळलं नाही, पण मान मीच सगळ्यात जास्त हलवली.

अध्यक्षांनी विचारलं, "श्रोत्यांपैकी कुणाचा प्रश्न?"

मागून एक हात वर आला. थरथरत.

"हां, विचारा."

आण्णा उभे राहिले. हात तसाच वर.

"परश्न न्हाय साहेब. माझ्या पोरीनं आत्ता सांगितलं, त्ये ह्ये. बघून घ्या सगळ्यांनी."